वऱ्हाडांतील धाब्याचीं घरें व पांढरीची माती

इतिहाससंशोधक जुन्या वाड्यांत शिरतो तो बहुधा दप्तराच्या शोधार्थ. रुमाल हातीं आले कीं वाड्याकडे पुन्हा पाहावें असें त्यास वाटत नाहीं. परंतु ज्या घरानें ते कागद इतके उन्हाळे सांभाळले, तें घरहि एक ऐतिहासिक साधनच होय. बुलढाणा जिल्ह्यांतील धाब्याच्या घरांविषयीं येथें लिहिण्याचा आमचा हेतु एवढाच कीं, हें साधन नष्ट होण्यापूर्वीं वाचलें जावें, आणि चुकीचें वाचलें जाऊं नये.

ह्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग आहेत. बुलढाणें गांव अजिंठ्याच्या डोंगरावर सुमारें २१९० फूट उंचीवर आहे. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हीं ठाणींहि बालाघाटांतलीं. मलकापूर, जळगांव जामोद, संग्रामपूर हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांत, म्हणजे पायनघाटांत. तेथें वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

उन्हाळा निवारण्याचे राजेरजवाड्यांचे उपाय ग्रंथांत नमूद आहेत. अकराव्या शतकांतील भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारां’त धारागृह, प्रवर्षण, प्रणाल, जलमग्न व नंद्यावर्त अशीं पांच वारिगृहें सांगितलीं आहेत. ‘ऐन-इ-अकबरीं’त वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपून दालन थंड करण्याची व सोऱ्यानें पाणी गार करण्याची रीत आली आहे. ह्या साऱ्यांस मुबलक पाणी व नोकरचाकर लागत. वऱ्हाडांतील कुणब्याजवळ ह्यांपैकीं कांहींच नव्हतें. त्याच्याजवळ होती माती.

धाबें म्हणजे मातीचें सपाट छत. तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर काड्या व पाला, आणि त्यांवर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. भिंतीहि मातीच्याच व चांगल्या रुंद. अशा जाड थरांतून ऊन आंत उतरण्यास कित्येक घटका लागतात. तें आंत पोहोंचतें तों बाहेर रात्र झालेली असते. दिवसां दारें-झरोके लावून घ्यावयाचे, सूर्यास्तानंतर उघडावयाचे आणि आपण धाब्यावर निजावयाचें, हा नेम त्यांतूनच निघाला. पावसाळ्यापूर्वीं छतावर नवी माती घालणें हें दरवर्षींचें काम असे.

आतां संशोधकांच्या विशेष उपयोगाची गोष्ट सांगतों. छतावर घालावयाची ही माती शेतांतली नसे. आपल्या जुन्या कागदपत्रांत गांवाचीं काळी व पांढरी अशीं दोन अंगें येतात. काळी ती शेतजमीन, पांढरी ती वस्तीची जागा. काळी माती भिजली कीं फुगते व वाळली कीं भेगाळते. ती छतास निरुपयोगी. पांढरीची माती म्हणजे पडलेल्या भिंती, चुलींची राख व पिढ्यान् पिढ्यांचा केरकचरा मुरून झालेली माती. तिला तशा भेगा पडत नाहींत. म्हणून लोक ती ओसाड गांवठाणांच्या टेकाडांतून खणून आणीत. अशा टेकाडांच्या पोटांत काय असूं शकतें, हें संग्रामपूर तालुक्यांतील पूर्णाकांठच्या भोन येथें दिसून आलें आहे. डेक्कन कॉलेजनें केलेल्या उत्खननांत तेथें स्तूपाचे अवशेष व भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या.

यावरून दोन अनुमानें निघतात. एक, पडलेल्या धाब्याच्या ढिगाऱ्यांत सांपडलेलें नाणें वा खापर त्या घराचा काळ ठरवूं शकत नाहीं. सातवाहन नाणें निघालें तरी घर गेल्या शतकांतलें असूं शकेल. दुसरें, तेंच नाणें जेथून माती आली त्या टेकाडाची साक्ष देतें. म्हणून वस्तु उचलण्यापूर्वीं घरच्या वृद्धांस ‘ही माती कोठून आणीत असां?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो न विचारतां घेतलेली वस्तु संग्रहाची शोभा वाढवील, पण इतिहास सांगणार नाहीं.

धाब्यांच्या जागीं आज पत्रे व सिमेंटची छतें आलीं आहेत. पत्रा ऊन पडतांच तापतो. सिमेंटचें छत दिवसभर ऊन साठवून तें रात्रीं घरांत सोडतें. माणूस पंखा वा वातानुकूलन यंत्र लावून निभावतो, पण माळ्यावर टाकलेला रुमाल तेथेंच राहतो आणि त्याचे कागद ठिसूळ होऊन घडीवर तुटतात. संग्राहकांनीं छतास पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या भिंतीवर सावली करावी, आणि दप्तर तळमजल्याच्या मधल्या खोलींत, भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावें. तळघर थंड असलें तरी तेथें ओल व वाळवी यांचें भय असतें.

धाब्याचें घर राखा असें आम्ही कोणास म्हणत नाहीं. दरवर्षीं त्यावर माती घालणारे हात आतां उरले नाहींत. पाडण्यापूर्वीं भिंतींची रुंदी, छताचे थर व मातीचें ठिकाण हीं मात्र टिपून ठेवावीं. दप्तर शोधण्यास जाणाऱ्या आमच्या बंधूंनीं रुमाल उचलतांना एकदां वर छताकडेहि पाहावें, इतकीच विनंति.