वॉशिंग्टनचा नॉर्मल वर्ग

इ. स. १८६४ च्या एप्रिल महिन्यांत, यादवी युद्ध ऐन भरांत असतांना, अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनीं एका लहानशा कायद्यावर सही केली. त्यामुळें वॉशिंग्टन येथील मूकबधिरांच्या शाळेस पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि बहिऱ्यांसाठीं जगांतील पहिलें कॉलेज उभें राहिलें. त्याचे प्रमुख एडवर्ड मायनर गॅलोडेट त्या वेळीं अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांच्या मातोश्री सोफिया या जन्मतः बहिऱ्या. तेव्हां करपल्लवी ते आईच्या मांडीवरच शिकले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या काळीं अमेरिकेंतील बहिऱ्यांच्या शाळांत हातांच्या खुणांनींच शिकवीत, आणि १८७० च्या सुमारास तेथील शिक्षकांपैकीं शेंकडा चाळीसांवर स्वतः बहिरे होते. पुढें वारें फिरलें. १८८० सालीं मिलान येथें भरलेल्या परिषदेनें खुणा टाकून मुलांस ओंठ वाचण्यास व बोलण्यास शिकवावें, असा ठराव केला. मुलाचा उच्चार चुकला कीं बरोबर आला, हें ज्याला ऐकूं येतें त्यालाच कळणार. साहजिकच ऐकणाऱ्या शिक्षकांस मागणी वाढली. पण त्यांना हें काम शिकवावयाचें कोणीं?

म्हणून १८९१ सालीं गॅलोडेट यांनीं कॉलेजांत शिक्षक तयार करणारा नॉर्मल वर्ग काढण्यासाठीं काँग्रेसकडे द्रव्य मागितलें. आपल्याकडील नॉर्मल स्कुलांसारखाच हा बेत होता. त्यास विरोध केला तो टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहाम बेल यांनीं. बेल यांच्या मातोश्री बहिऱ्या, पत्नीहि बहिरी! बहिरे बहिऱ्यांतच राहिले, आपसांत विवाह करूं लागले, तर मानवजातींत बहिऱ्यांचा एक निराळाच वंश निर्माण होईल, असा निबंध त्यांनीं १८८३ मध्यें वाचला होता. वास्तविक बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईबाप ऐकणारेच असतात. पण बेल यांना धास्ती होती ती या वर्गांतून बहिरे शिक्षक बाहेर पडतील याची.

गॅलोडेट यांनीं उत्तर दिलें कीं, या वर्गांत बहिरा उमेदवार घेतला जाणार नाहीं. सोफियाबाईंच्या पुत्रानें हें वचन द्यावें, हा प्रसंग मोठा विलक्षण खरा. काँग्रेसनें दिलेली रक्कम मुलांस बोलण्यास शिकविण्यापुरतीच होती. तरी वर्ग सुरू झालाच.

ऐकणारे पदवीधर तेथें येत. ते उच्चारशिक्षण, बहिऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास आणि खुणांची भाषा शिकत, व आवारांतील केंडॉल शाळेंत प्रत्यक्ष पाठ पाहत. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच यामिनीनाथ बॅनर्जी हे गृहस्थ तेथें शिकून कलकत्त्याच्या १८९३ मध्यें निघालेल्या मूकबधिर शाळेस परतले. हिंदुस्थानाला त्या वर्गाचा असा थेट लाभ झाला.

त्याच आवारांत राहून पदवी मिळविणाऱ्या बहिऱ्या तरुणास मात्र हें दार बंद होतें. त्यानें शिक्षक व्हावयाचें तर तें विशेष शिक्षणावांचून. १९१७ च्या सुमारास अमेरिकेंतील बहिऱ्यांच्या शाळांत सात शिक्षकांमागें एकच बहिरा उरला होता. आणि जे उरले त्यांच्या हातीं पुस्तकापेक्षां सुतारकाम, छपाई आणि शिवणकाम यांचेच वर्ग अधिक येत.