वाचला न गेलेला इशारा : लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात

१/
१९६२ च्या पराभवाचा विषय निघाला की नेहरू, कृष्ण मेनन आणि जनरल कौल ही नावे हटकून येतात. त्या युद्धाचा अंदाज तीन वर्षे आधी कागदावर मांडणारा सेनानी मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. ते होते कोल्हापूरचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. आजचा धागा त्यांच्याविषयी. 🧵

२/
जन्म १९०६ चा. हिंदी तरुणांना सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात मोजक्याच जागा मिळत, त्या काळात तेथे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. पुढची पस्तीस वर्षे सैन्यात गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक ब्रिटिश अमलाखाली, उरलेली स्वतंत्र भारतात.

३/
जानेवारी १९४५, ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावरचे कांगॉ. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. जपान्यांनी चिवटपणे राखलेली 'मेलरोझ' ही टेकडी थोरातांच्या पंजाबी पलटणीने हल्ला करून घेतली. तिघांनाही 'डीएसओ' हा शौर्यसन्मान मिळाला. मोठ्या लढाईत हिंदी अधिकारी पलटण चालवू शकतील का, या शंकेला ते रणांगणावरचे उत्तर होते.

४/
१९५३ मध्ये कोरियात युद्धविराम झाला, पण बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी मायदेशी परतण्यास तयार नव्हते. त्यांच्या देखरेखीसाठी भारताने सैन्य पाठवले. प्रमुख होते मेजर जनरल थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला छावणीत ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात गेले आणि त्यांनी गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र (द्वितीय वर्ग) मिळाले. यालाच आज आपण कीर्तिचक्र म्हणतो.

५/
१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली आणि नेफा, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या सीमेचे रक्षण लष्कराकडे आले. ऑक्टोबरमध्ये थोरातांनी आपला संरक्षण आराखडा सादर केला.

६/
त्याचे सूत्र सोपे होते. मॅकमहोन रेषेपर्यंत आपले रस्ते पोहोचत नाहीत; तेथे मोठे सैन्य पोसता येणार नाही. म्हणून सीमेवर केवळ छोट्या चौक्या ठेवाव्यात आणि निर्णायक लढाई मागे, आपली रसद पोहोचते अशा जागी द्यावी. शत्रू जितका आत येईल, तितकी त्याची पुरवठ्याची वाट लांबेल.

७/
मराठी वाचकाला हा विचार नवा वाटू नये. अफजलखानाला उघड्या मुलखात न भिडता जावळीच्या रानात येऊ देणे, हे त्याच जातीचे शहाणपण. बरोबर तीनशे वर्षांपूर्वीचे! (ही तुलना माझी, थोरातांची नव्हे.) परंतु राजांना संसदेत उत्तर द्यायचे नव्हते. लोंगजूनंतर देश संतापलेला असताना 'आधी थोडा मुलूख सोडू' असे म्हणणे कोणत्याही सरकारला कठीणच होते.

८/
सरसेनापती थिमय्यांनी आराखडा मान्य केला. संरक्षणमंत्री मेनन यांनी मात्र ही भीती अवास्तव ठरवली, असे थोरात लिहितात. मार्च १९६० मध्ये त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन अपुरे सैन्यबळ पुन्हा दाखवून दिले. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांची पसंती थोरातांना होती. सरकारने थापर यांना निवडले. ज्येष्ठतेत थापर पुढे होते, हेही नोंदवायला हवे. थोरात निवृत्त झाले.

९/
ऑक्टोबर १९६२. नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेशात, विमानातून टाकलेल्या अपुऱ्या रसदीवर उभे होते. नेमके जेथे लढू नये असे थोरात सांगत होते, तेथे. महिन्याभरात सेला आणि बोमदिला पडले.

१०/
मग नेहरूंनी थोरातांना दिल्लीस बोलावले. आपला आराखडा पंतप्रधानांपर्यंत पोहोचलाच नव्हता, हे तेव्हा कळल्याचे थोरातांच्या आत्मचरित्रात आहे. येथे अभ्यासकाने सावध राहावे : या भेटीचा प्रमुख साक्षीदार स्वतः लेखकच आहे. शिवाय आराखडा स्वीकारला असता तरी वाढीव सैन्य, रस्ते आणि तोफा लागल्याच असत्या. 'थोरात असते तर जिंकलो असतो' हे वाक्य इतिहासाचे नव्हे.

११/
तरीही एक गोष्ट उरते. १९६२ हा केवळ विश्वासघात होता, कुणाला कल्पनाच नव्हती, ही समजूत त्या कागदापुढे टिकत नाही. कल्पना होती, ती तारखेनिशी, सहीनिशी लिहिलेली होती. अधिकाऱ्याने आपले काम केले होते. वाचणे हे दुसऱ्यांचे काम होते.

१२/
१९९२ मध्ये थोरात निवर्तले. 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' हे त्यांचे आत्मचरित्र मिळाल्यास अवश्य वाचा. मात्र शेजारी ब्रिगेडियर दळवींचे 'हिमालयन ब्लंडर' ठेवा. एकाने धोका नकाशावर पाहिला, दुसऱ्याने तो नामका चूवर भोगला.