लष्करी विमानांचे छायाचित्रण व नोंदी

लष्करी विमानाचे छायाचित्र घेऊन, अंगावरच्या अनुक्रमांकावरून त्या एकाच विमानाचा कारखान्यापासून मोडीपर्यंतचा प्रवास नोंदवण्याचा छंद व अभ्यास. रंग बदलतो, स्क्वाड्रन बदलते. देश बदलला की क्रमांकही बदलतो. म्हणून देखण्या फोटोपेक्षा अंक स्वच्छ वाचता येणारा, तारीख-ठिकाण लिहिलेला फोटो अधिक मोलाचा.

पुण्याशी निगडित लिबरेटर बॉम्बर हे याचे उत्तम उदाहरण. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला निकामी करून टाकलेली ही विमाने जुजबी दुरुस्तीनंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी बेंगळुरूला उडवत नेली. केवढे हे धाडस! तेथे ती नव्याने सज्ज झाली आणि भारतीय हवाई दलाच्या पुण्यातील लोहगाव तळावरील ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९६८ पर्यंत वापरली. त्यांतले एचई ८०७ म्हणजेच मूळचे ब्रिटिश केएन ७५१. १९७४ मध्ये ते ब्रिटनच्या आरएएफ संग्रहालयाकडे गेले. हे दोन क्रमांक एकाच विमानाचे, हे कळते ते अशा नोंदींमुळेच.

भारतात १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यामुळे हवाई तळांभोवती छायाचित्रणास मज्जाव आहे. त्यामुळे हवाई प्रदर्शने, संग्रहालये आणि चौकांत उभी केलेली निवृत्त विमाने हेच अभ्यासकांचे मुख्य आधार.