स्रेब्रेनिका : शब्द दिला, पाळला कोणी?

पूर्व बोस्नियाच्या डोंगरांत स्रेब्रेनिका हे छोटे गाव. १९९२ साली बोस्नियात युद्ध पेटले तेव्हा आसपासच्या खेड्यांतून हाकलले गेलेले हजारो मुसलमान येथे आश्रयाला आले. सर्ब फौजांनी गावाला वेढा घातला. १६ एप्रिल १९९३ रोजी युनोच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ८१९ संमत करून स्रेब्रेनिका 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले. गावातल्या लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवावीत, असा करारही झाला.

शब्द मोठा होता, तयारी मात्र तोकडी. अशी सहा सुरक्षित क्षेत्रे राखायला सुमारे ३४,००० सैनिक लागतील, असा लष्करी अंदाज होता. परिषदेने मंजूर केले ७,६००. माणसे द्यायला कोणताच बडा देश उत्सुक नव्हता.

जुलै १९९५ मध्ये जनरल म्लादिचच्या फौजा पुढे सरकल्या. गावात होते काहीशे डच शांतिसैनिक. शस्त्रे हलकी, इंधनाची रसद तोडलेली. मागितलेली हवाई मदत उशिरा आणि अपुरी आली. ११ जुलैला गाव पडले. बायका, मुले, म्हातारी माणसे पोटोचारीच्या डच छावणीकडे धावली. तेथे पुरुष आणि मुलगे वेगळे काढले गेले. छावणीच्या आत आसरा घेतलेल्यांनाही बाहेर जावे लागले. त्यानंतरच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष व किशोरवयीन मुले ठार मारली गेली.

न्याय मिळाला, पण सावकाश. १९९९ साली सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या अहवालाने युनोचे अपयश मान्य केले. २००१ मध्ये हेग येथील न्यायाधिकरणाने या हत्याकांडाला वंशसंहार ठरवले. म्लादिचला २०१७ साली जन्मठेप झाली, २०२१ मध्ये ती कायम राहिली. छावणीतून बाहेर पाठवलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या मृत्यूबद्दल डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आपल्याच सरकारला अंशतः जबाबदार धरले.

या अनुभवानंतर १९९९ साली सिएरा लिओनच्या मोहिमेपासून सामान्य नागरिकांचे संरक्षण हे शांतिसेनेच्या आदेशातच लिहिले जाऊ लागले. ही सुधारणा खरीच. पण स्रेब्रेनिकाचा ठरावही कागदावर चोखच होता. म्हणून असा कोणताही नवा ठराव वाचताना आपण आधी दोन गोष्टी विचाराव्यात : सैनिक किती, आणि मजलुमांवर हल्ला झाल्यास त्यांना काय करण्याची मुभा आहे?