लाखोळी : धानाच्या बांधीतील एका डाळीचा इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा धानासाठी आणि कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांसाठी ओळखला जातो; परंतु त्याच धानाच्या बांधीत, कापणीपूर्वी जमीन ओली असतानाच, उभ्या पिकात फेकून पेरली जाणारी लाखोळी ही डाळ जिल्ह्याच्या शेतीत आणि आहारात तितकीच मुरलेली आहे. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, खत नाही, अशा या पेरणीला 'उतेरा' म्हणतात. धान निघाल्यावर उरलेल्या ओलाव्यावर लाखोळी वाढते, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि दाण्याची डाळ, पीठ व वडे. तिच्यात प्रथिने सुमारे 28 टक्क्यांपर्यंत असतात, म्हणजे तुरीपेक्षा अधिक.

तरीही हिंदीत खेसारी किंवा तिवडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या डाळीचे नाव पांगळेपणाशी जोडले गेले. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सागर भागातील हकीकत नोंदवली आहे : 1829 पासून गहू सलग बुडाला, तिवडा मात्र तगला, लोकांनी तोच खाल्ला आणि पुढे अनेक तरुणांचे पाय कमरेखाली ताठरले. या विकाराला 'लॅथिरिझम' हे नाव 1873 मध्ये कांतानी या इटालियन वैद्याने दिले. यात बुद्धी शाबूत राहते, पण रोगी आधी एका काठीवर, मग दोन काठ्यांवर आणि शेवटी सरपटण्यावर येतो. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतात, ज्याचा भंडारा हा एक जिल्हा होता, हा विकार इतका दिसला की बुकॅनन या सरकारी डॉक्टरांनी त्यावर स्वतंत्र अहवाल लिहिला.

या हकीकतींत एक गोष्ट सारखी येते, आणि ती डाळीइतकीच महत्त्वाची आहे : पांगळेपण त्यांनाच आले ज्यांच्या पोटात कित्येक महिने मुख्यतः हीच डाळ जात होती. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधील व्हाप्न्यार्का येथील छावणीत कैद्यांना हेच धान्य रोज दिले गेले, तेव्हा शेकडो कैदी पांगळे झाले. त्यांच्यातलेच डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले. विषाचा रासायनिक शोध मात्र 1964 मध्ये लागला. राव, आदिगा आणि सर्मा या बंगळूरच्या संशोधकांनी दाण्यातून वेगळा केलेला तो पदार्थ आज 'ओडॅप' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. तो मज्जातंतूंना इजा करतो, पण पाण्यात विरघळतो, त्यामुळे डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्यास त्याचा बराच भाग निघून जातो. या डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे काही आवश्यक घटक, कमी असतात आणि भात ती उणीव काही अंशी भरून काढतो. भंडाऱ्याच्या ताटात लाखोळी भातासोबत येते, हे म्हणूनच दुर्लक्षण्याजोगे नाही.

महिनोन्महिने हीच डाळ खाणे आणि ती भातासोबत खाणे यांतला भेद कायद्याने पाहिला नाही. 1961 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. थांबली नाही ती बांधीतली पेरणी, कारण उतेऱ्यात तिच्याइतके बिनखर्चाचे दुसरे पीक शेतकऱ्याजवळ नव्हते. बंदीचा एक विपरीत परिणामही झाला : स्वतःच्या नावाने विकता न येणारी डाळ स्वस्त राहिली आणि तुरीत, बेसनात मिसळली जाऊ लागली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठवण्यासाठी दीर्घकाळ लढा दिला आणि महाराष्ट्राने 2008 मध्ये ती मागे घेतली. पुढे 2016 च्या सुरुवातीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅप असलेल्या तीन वाणांना अनुकूलता दाखवली.