शीर राखणाऱ्या बायका

शिरेवाटे द्रव देण्याच्या विद्येचा इतिहास सांगणारे बहुधा प्रथम सुई घालणाऱ्याचे नाव घेऊन थांबतात. परंतु १८३२ साली स्कॉटलंडातील लीथ येथे डॉ. थॉमस लॅटा यांनी पटकीने निपचित पडलेल्या ज्या पहिल्या रुग्णेच्या शिरेत नळी घालून खारे पाणी सोडले, ती वृद्धा अर्ध्या तासात सावध झाली, डॉक्टर तिला दुसऱ्याच्या हवाली करून निघून गेले आणि पुढे साडेपाच तासांत ती दगावली. शीर सापडली होती. राखणदार मिळाला नव्हता.

पुण्यास हा राखणदार कोठून मिळाला, हे पाहू जाता केवळ ससून रुग्णालयाच्या भव्य इमारतीकडे बोट दाखवून भागत नाही. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ साली सुरू झाले, खाटांची व औषधांची तरतूद झाली. पण उशाशी जागणारी शिक्षित मराठी बाई तेथे रुजू व्हायला रमाबाई रानडे यांची चिकाटी लागली. त्यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने परिचर्येच्या शिक्षणासाठी स्त्रिया, विशेषतः विधवा, ससूनमध्ये धाडल्या. परक्या पुरुषाचे अंग पुसणारी, रात्रपाळी करणारी विधवा पेठांच्या पचनी सहजासहजी पडणार नव्हती. भूतदयेवरची कीर्तने ऐकणे त्या मानाने सोपे!

त्या काळी शिरेवाटे द्रव देणे हा विरळा उपाय होता. पुढे तो नित्याचा झाला, तेव्हा काचेची बाटली, रबरी नळी आणि उकळून पुन्हा पुन्हा वापरायची पोलादी सुई एवढाच सरंजाम असे. सुई शीर फोडून बाहेर जाऊ नये म्हणून रुग्णाचा हात फळीला बांधून ठेवीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा यांनी १९५० साली सुईवर प्लॅस्टिकची लवचीक नळी चढवली आणि सुई काढून नळी आत ठेवण्याची सोय झाली.

वृद्धाच्या शिरेपुढे मात्र कसब अद्याप नर्सबाईच्या हातातच आहे. त्वचा विरलेल्या धोतरासारखी, आणि शीर ठसठशीत दिसूनही बोटाखालून निसटणारी. म्हणून जाणती नर्सबाई पट्टा सैल व कपड्यावरून बांधते, शिरेवर चापट्या मारीत नाही, अंगठ्याने त्वचा खाली ताणून धरते आणि बारीक सुई जवळजवळ आडवीच सरकवते. थकलेल्या हृदयाला लोंढा सोसत नाही, धाप लागते; म्हणून थेंबांची गती ती जातीने पाहते. जागा लाल झाली, सुजली वा नळीची गरज संपली, की ती काढून टाकते, आणि चिकटपट्टी त्वचा दाबून धरून हळूहळू सोडवते, एरवी कातडेच निघून यायचे. 'दुखतंय का?' एवढे विचारून मात्र चालत नाही. आजीबाई 'काही नाही हो' म्हणून मोकळ्या होतात, तेव्हा पांघरूण सारून हात उजेडात धरून पाहावाच लागतो.