कोशाचे सूत आणि चार धुण्यांचे कापड

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गरजांचा उच्चार आपण एका दमात करतो. तथापि वस्त्राचा इतिहास लिहिताना राजांचे जरीकाठी शेले आणि परदेशी गेलेली मलमल यांचेच कौतुक अधिक होते. कापड किती दिवस टिकले, हा प्रश्न अभ्यासकांना क्षुल्लक वाटत असावा. घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या गृहिणीला मात्र तो तसा वाटत नाही. नाताळात घेतलेला सदरा ईस्टरला विटलेला असतो, जूनमध्ये शिवलेल्या गणवेशाची शिवण दिवाळीपूर्वीच उसवते, आणि तक्रार केली तर 'हल्ली मालच असा येतो' हे उत्तर मिळते. हे 'हल्ली' नेमके केव्हा सुरू झाले, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांना वैनगंगेच्या खोऱ्यात, गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी गावी नेऊ इच्छितो.

आरमोरीचे नाव कोशाच्या कापडाशी जोडलेले आहे. या परिसरातील ऐन व अर्जुन वृक्षांवर तसरचा किडा वाढतो. तुतीवरील किड्यासारखा तो घरात पाळता येत नाही. उघड्या रानात, झाडावरच त्याला सोडावे लागते. मग पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत पाखरे, मुंग्या आणि वादळवारा यांपासून त्याची राखण करावी लागते. पूर्व विदर्भात हे काम मुख्यत्वे ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. फांदीला देठाने लटकलेला कठीण कोष उतरवायचा, क्षारयुक्त पाण्यात उकळून मऊ करायचा आणि अनेक कोशांचे तंतू एकत्र करून, मांडीवर पीळ देत सूत काढायचे, ही कामे बव्हंशी स्त्रियांची. ते सूत विणकराच्या मागावर चढे. त्यातून धोतरे, उपरणी आणि लुगडी निघत. कोशाच्या अंगाला सुती काठ जोडणारी, करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली 'करवत काठी' साडी ही याच पट्ट्याची ओळख आहे. तिला आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

हे कापड दीर्घायुषी ठरले, याची कारणे गूढ नाहीत. रेशमाचा तंतू अखंड व चिवट असतो, तर कापसाचे सूत आखूड तंतूंना पीळ देऊन जुळवावे लागते. दुसरे कारण वापराचे आहे. कोशाचे वस्त्र सोवळ्याचे मानले जाई, ते पूजेअर्चेपुरते अंगावर येई आणि पुन्हा पेटीत जाई. तेव्हा आजोबांचे धोतर नातवाला मिळाले, यात विणकराच्या कसबाइतकाच वाटा त्या पेटीचाही होता. आणि रानात कोष राखणाऱ्याच्या अंगावर कोशाचे वस्त्र क्वचितच असे. गरिबाच्या वाट्याला जाडेभरडे सुती कापड येई, तेही मोजके. ठिगळावर ठिगळ लावून आणि शेवटी गोधडीत घालून ते पुरवले जाई. जुन्या काळाचे गुणगान करताना ही बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तरीही त्या काळी एक गोष्ट होती. कापड विणणारा आणि नेसणारा एकमेकांना ओळखत होते. आठवडी बाजारात पोत बोटांनी चाचपून पाहिला जाई आणि कापड फसवे निघाले तर पुढच्या बाजारी विणकराला तोंड दाखवणे अवघड होई. हा धागा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुटला. १८६६ साली फोर्ब्ज वॉटसन यांनी हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून प्रसिद्ध केले. इंग्रज कारखानदारांना येथील आवड कळावी, हा त्यामागील एक हेतू होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी त्या सुमारास उघडपणे अपेक्षा व्यक्त केली की, रेल्वेने विलायती कापड स्वस्तात येईल, देशी विणकर मागे पडतील आणि ते हात कापसाच्या शेतीला मिळतील. कच्चा कापूस बाहेर जावा आणि तयार कापड आत यावे, ही केवळ बाजाराची लहर नव्हती. ते ठरवलेले धोरण होते.

आता या विलायती कापडाच्या अंगी काय होते, ते पाहू. ताण्याला खळ लावणे ही विणकामाची गरजच आहे. आपले विणकरही पेजेची खळ लावीत. परंतु १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापूस महागला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांत खळीबरोबर चिनी माती घालण्याचे प्रमाण फार वाढले. युद्ध संपले तरी सवय गेली नाही. काही कापडांत तर खळीचे वजन कापसाच्या वजनाशी बरोबरी करी. दुकानात असे कापड भरदार आणि गुळगुळीत दिसे, पहिल्या धुण्यात माती वाहून जाई आणि हाती जाळीदार फडके उरे. युरोपातील रेशमाची कथा वेगळी नव्हती. रेशमाचा डिंक काढल्यावर घटलेले वजन कथील व लोखंडाच्या क्षारांनी भरून काढीत, आणि असे रेशीम काही वर्षांत घडीवरच फाटे. व्यापारातील लबाडीला आळा घालण्यासाठी १८८९ साली हिंदुस्थानात व्यापारी चिन्हांचा कायदा झाला व ताग्यावर लांबी छापणे बंधनकारक ठरले. लांबी मोजता येते म्हणून ती छापली गेली. कापड किती दिवस टिकेल, हे मात्र कोणी छापले नाही.

देशी गिरण्यांनी चित्र काही अंशी पालटले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. ज्या घरात एका जोडीवर वर्ष निघे, तिथे गिरणीमुळे दुसरी जोडी आली, हे उपकार मान्य केले पाहिजेत. मात्र त्याच वेळी विणकराला मागावरून उठून गिरणीच्या दारी किंवा शेतमजुरीला जावे लागले.

या हानीवर उपाय म्हणून खादी आली, आणि तिच्यापुढेही टिकाऊपणाचा प्रश्न उभा राहिलाच. हातसूत असमान असेल तर ते मागावर तुटते आणि अंगावर लवकर विरते. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने १९३५ मध्ये सूत कातणाऱ्या स्त्रियांना पोटापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या फेब्रुवारीअखेर व मार्चच्या आरंभी, गांधी सेवा संघाचे अधिवेशन तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील सावली या खादीकेंद्रावर भरले. आरमोरीपासून हे गाव फार दूर नाही. मजुरी वाढली की खादी महागणार, महाग खादी घ्यायची तर सूत सुधारले पाहिजे, आणि सूत सुधारायचे तर कातणारणीला शिकवले पाहिजे, अशी ही साखळी होती. चांगले कापड आणि न्याय्य मजुरी हे दोन प्रश्न नसून एकच आहेत, हे खादीच्या या प्रयोगाने स्पष्ट केले, असे आम्हांस वाटते.

पुढील काळ टंचाईचा आला. १९४३ च्या नियंत्रण आदेशानंतर 'कंट्रोलचे कापड' हा शब्द घरोघरी पोहोचला. १९७६ पासून गरिबांसाठी हातमागावरील जनता साडी व धोतर अनुदानाने मिळू लागले, नव्वदीत ती योजना आवरली गेली. दरम्यान टेरिलीन व टेरिकॉट आले. ते फाटत नव्हते, परंतु घाम शोषत नव्हते, आणि जुने झाल्यावर त्यांची धड गोधडीही होईना.

आजच्या तयार कपड्याचे आयुष्य आखूड का, याचे उत्तर त्याच्या अंगातच आहे. सूत आखूड तंतूचे व कमी पिळाचे, वीण विरळ, टाके लांब, शिवणीत सोडलेले कापड बोटभरही नाही. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून ती दुकानात येण्याआधीच दगडांबरोबर घुसळलेली असते, म्हणजे तिचे अर्धे झिजणे आपण पैसे देऊन विकत घेतो. चिनी मातीची जागा आता झगमगत्या प्रक्रियांनी घेतली, इतकेच. या स्वस्ताईची खरी किंमत २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ दिसली. राणा प्लाझा ही इमारत कोसळून कपडे शिवणारे १,१३४ कामगार मृत्यू पावले. त्यांना महिना सुमारे ३८ युरो मिळत होते, हे कळल्यावर पोप फ्रान्सिस यांनी १ मे रोजी, संत योसेफ कामकऱ्याच्या सणादिवशी, या रोजगाराला गुलामगिरी म्हटले.

आरमोरीचा कोष आजही पुरता हरवलेला नाही. शासनाचा रेशीम विभाग तेथे तसरचे काम पाहतो, माग चालतात. पण ऐनाच्या झाडावर किडा सोडणाऱ्याचे पोट जंगलावर अवलंबून, आणि कोशाचा भाव बाजारावर. त्यात कोशाच्या नावाने पॉलिएस्टर विकले जाते, तेव्हा गिऱ्हाईक फसते आणि राखणदाराचा घासही जातो. खऱ्या रेशमाचा धागा जाळला तर केस जळाल्यासारखा वास येतो व राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. २००४ पासून शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क' हे चिन्हही आहे. एवढी पारख आपल्या प्रत्येक घरात असावी.

इस्राएली लोकांच्या अंगावरील वस्त्रे रानात चाळीस वर्षे जीर्ण झाली नाहीत, असे 'अनुवाद' हे पुस्तक सांगते. तो देवाच्या कृपेचा भाग होता. आपल्या कपड्यांबाबत चमत्काराची वाट पाहण्याचे कारण नाही. लग्नाच्या किंवा प्रथम कम्युनियनच्या खरेदीला जाताना तीनऐवजी एकच वस्त्र घ्यावे, ते उलटे करून शिवण पाहावी, उजेडात धरून वीण पाहावी, आणि ते कोणी विणले हे दुकानदाराला विचारावे. त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर निदान पुढच्या खेपेस तो ते शोधून ठेवील.